रंगीत टेलिफोन आणि भावाचा अंदाज

जुने टेलिफोन जमवणाऱ्या मंडळींत एक खेळ चालतो. एखाद्या लिलावगृहाच्या सूचीत जुना रंगीत फोन दिसला, की लिलावाच्या दिवसापर्यंत ज्याने त्याने त्याचे छायाचित्र न्याहाळायचे, वर्णन शब्दशः वाचायचे आणि हातोडा कोणत्या आकड्यावर पडेल तो आकडा आधीच कागदावर लिहून ठेवायचा. पैसे कोणी लावत नाही, आणि फोनही बहुधा कोणी विकत घेत नाही. ज्याचा आकडा जवळ जाईल त्याचा पुढच्या लिलावापर्यंत मान, एवढेच. आम्हीही दारव्ह्यात बसून हा खेळ बरीच वर्षे खेळत आलो आहोत. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे हा विषय मांडावासा वाटला, याचे कारण असे की, वस्तूची किंमत आणि वस्तूचा अर्थ यांच्या वाटा कुठे फुटतात हे या खेळात जितके उघड दिसते, तितके ते समीक्षेच्या पुस्तकांत आम्हांला क्वचितच दिसले. आमचे म्हणणे एवढेच आहे: हा खेळ डोळ्यांना फार चांगले वळण लावतो, पण ते डोळे भलत्याच फोनकडे वळवतो.

तालुक्याच्या गावी असला नाद विचित्र वाटतो, हे आम्ही जाणून आहोत. मात्र भावाचा अंदाज बांधणे ही गोष्ट या मुलखाला परकी नाही. यवतमाळ जिल्हा कापसाचा. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी, आता बंद पडलेली, अरुंद मापाची ‘शकुंतला’ रेल्वे घातली गेली तीच मुळी वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणून. कापसाची गाडी भरून बाजार समितीच्या आवारात येणारा शेतकरी घरून निघतानाच एक आकडा मनाशी धरून निघतो. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धागा ओढून त्याची लांबी बघतो, ओल बघतो, त्यात पाचोळा किती, फरदड किती मिसळली आहे हे बघतो आणि बोली बोलतो. या चार-पाच क्षणांत जे घडते ते वाचनच असते, आणि त्या वाचनावर एका घराचे वर्ष अवलंबून असते. १९७२ साली राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली तेव्हा काही दशकांपुरता हा लिलाव मागे पडला आणि त्याची जागा ग्रेडरच्या निकालाने घेतली. पण ग्रेडर कोणती प्रत ठरवील याचा अंदाज बांधणे काही थांबले नाही.

कापसाच्या भावाचा अंदाज बांधण्याचे एक व्यसनही आपल्या राज्यात होऊन गेले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर मुंबईत जुगार चाले. १९६१ साली न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे बंद झाले तेव्हा जुगाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि त्यातून ‘मटका’ जन्मला, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कापसाच्या भावावरचा आकडा निदान कुठेतरी पिकलेल्या कापसाशी बांधलेला होता. मडक्यातल्या चिठ्ठीवरचा आकडा कशाशीच बांधलेला नव्हता. अंदाजाचा खेळ वस्तूपासून सुटला, की तो असा निव्वळ आकड्यांचा खेळ होतो. टेलिफोनच्या लिलावाचे तसे अजून झालेले नाही, पण त्या वाटेवरच्या खुणा दिसू लागल्या आहेत.

कापूस आणि टेलिफोन यांच्यात एक गमतीचा विरोध आहे. कापसात रंग आला की भाव पडतो. पावसाने डागाळलेली, पिवळसर झालेली कवडी कोणी चांगल्या भावाने घेत नाही. फोनमध्ये मात्र रंग आला की भाव चढतो. त्याचे मूळ रसायनशास्त्रात आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेले बेकेलाइट हे राळेपासून बनणारे प्लास्टिक स्वभावतःच गडद असते. ते तपकिरी किंवा काळेच शोभते, उजळ रंग त्यात नीट उतरत नाहीत. १९३० नंतर जगभर जे टेलिफोन तयार झाले ते बहुसंख्य काळे झाले याचे हे एक मोठे कारण. ब्रिटिश पोस्ट खात्याने १९३७ च्या सुमारास आपला ३३२ क्रमांकाचा फोन आणला. आपल्याकडच्या जुन्या सरकारी फोनशी त्याचे रूप इतके मिळतेजुळते आहे की, त्याचे चित्र पाहिले तर आपल्यातले पन्नाशीपुढचे सगळे ‘हा तर आमच्या पोस्टातला’ असे म्हणतील. तो काळ्याखेरीज हस्तिदंती, लाल आणि हिरव्या अशा तीन रंगांत मिळे. या रंगांसाठी बेकेलाइट सोडून वेगळे प्लास्टिक वापरावे लागे आणि ग्राहकाला जादा पैसे मोजावे लागत. म्हणून रंगीत फोन कमी निघाले. त्यातही हस्तिदंती पुष्कळांनी घेतला, लाल थोड्यांनी आणि हिरवा फारच थोड्यांनी. आज संग्राहकांच्या बाजारात जी उतरंड दिसते ती नेमकी हीच: सर्वांत खाली काळा, त्याच्यावर हस्तिदंती, मग लाल आणि शिखरावर हिरवा. ज्याला त्या काळी गिऱ्हाईक मिळाले नाही तो आज सर्वांत महाग आहे. साहित्याच्या बाजारातही पहिली आवृत्ती पडून राहिलेल्या पुस्तकांचे पुढे असेच काहीसे होते, पण ते असो.

रंगाला अर्थ होता हेही खरे. इटलीत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीमंत घरांतल्या सुखवस्तू कथा सांगणारे चित्रपट निघाले, त्यांना पुढे ‘पांढऱ्या टेलिफोनचे चित्रपट’ असेच नाव पडले. दिवाणखान्यातला पांढरा फोन ही त्या घराची सांपत्तिक स्थिती सांगणारी खूण होती. आपल्याकडे साहेबाच्या टेबलावरचा लाल फोन म्हणजे थेट वरिष्ठांचा फोन, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असे. काळा फोन मात्र कशाचीच खूण नव्हता. तो फोनच होता. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर काळा हा नाम आणि बाकीचे रंग ही विशेषणे. बाजार विशेषणांना पैसे देतो.

आता खेळात कस कुठे लागतो ते सांगतो, कारण इथे तो खरोखर शिकवतो. छायाचित्रात लाल फोन दिसला तर पहिला प्रश्न: हा लाल आहे की लाल केलेला आहे? खरा रंगीत फोन कवचाच्या आरपार रंगीत असतो. तळाची पाटी काढून आत पाहिले तरी तोच रंग दिसतो. रंगवलेल्या फोनच्या कडा आतून काळ्या असतात, आणि टवका उडालेल्या जागी काळे बेकेलाइट डोकावते. दुसरा प्रश्न: रिसीव्हर, कवच आणि डायल एकाच वेळचे आहेत का? पुष्कळ सुट्या भागांवर आतल्या बाजूला साल छापलेले असते. तिन्ही साले जुळली तर भाव चढतो. तिसरा: वायर कापडी वेष्टणाची आहे की नंतरची रबरी? चौथा: हस्तिदंती रंग उन्हाने सगळीकडे सारखा पिवळला आहे का? सारखा नसेल तर एखादा भाग दुसऱ्या फोनवरून आलेला असण्याचा संभव. याखेरीज काही ठिकाणी जुन्या साच्यांवरून रंगीत कवचे नव्याने ओतली जातात आणि त्यांत जुनी यंत्रणा बसवून ‘मूळचा हिरवा फोन’ म्हणून विकली जाते, तिचाही विचार करावा लागतो. सूचीतल्या वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले असेल आणि तळाचे छायाचित्र दिलेले नसेल, तर अनुभवी खेळाडू आपला आकडा निम्म्यावर आणतो. काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही हे वाचण्याची ही सवय आम्हांला अनेक एम.ए. झालेल्यांतही फारशी आढळलेली नाही.

आणखी एक गुण. या खेळात आपले मत आकड्यात, आधी, आणि इतरांसमक्ष सांगावे लागते. हातोडा पडला की ते पडताळले जाते. मराठी समीक्षेत ‘लक्षणीय’, ‘दखलपात्र’, ‘मौलिक भर’ या शब्दांनी केलेले मूल्यमापन कधी कोणी पडताळायला जात नाही. वीस वर्षांनी त्या ‘मौलिक भरी’चे काय झाले हे विचारायची पद्धत आपल्यात नाही. पुस्तकांना आकडे चिकटवावेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मात्र चुकण्याची जोखीम घेतल्याशिवाय केलेल्या मूल्यमापनाला फार वजन देऊ नये, एवढे या खेळाने आमच्या मनावर बिंबवले. तज्ज्ञांचे आकडे तरी कुठे जुळतात? नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ मधले एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्टीजच्या भारतातल्या पहिल्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. लिलावगृहाच्या स्वतःच्या अंदाजाच्या ते कितीतरी पुढे होते. ज्यांनी तो अंदाज छापला त्यांनी निदान तो छापला होता.

रंगीत टेलिफोनचा सर्वांत गाजलेला लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात झाला. वस्तू होती हिटलरच्या बर्लिनमधल्या बंकरातून मिळालेला म्हणून सांगितला गेलेला लाल फोन. बनावट सीमेन्सची, मागे हिटलरचे नाव आणि स्वस्तिक कोरलेले. १९४५ च्या मे महिन्यात रशियन अधिकाऱ्यांनी तो ब्रिगेडियर रेनर या ब्रिटिश अधिकाऱ्याला भेट दिला आणि त्याच्या मुलाने तो विक्रीला काढला, अशी त्याची हकिकत. अंदाज दोन ते तीन लाख डॉलरचा होता. फोन २ लाख ४३ हजार डॉलरला गेला. घेणाऱ्याने बोली फोनवरूनच लावली आणि आपले नाव जाहीर होऊ दिले नाही.

हा फोन मूळचा काळा होता. काळ्या बेकेलाइटवर लाल रंग दिलेला होता, आणि रंगाचे टवके उडून खालचा काळा दिसत होता. वर सांगितलेल्या कसोटीप्रमाणे ही रंगवलेली, म्हणजे खालच्या प्रतीची वस्तू. विक्रीनंतर जर्मनीतल्या टेलिफोनच्या जाणकारांनी त्याचा रिसीव्हर ब्रिटिश बनावटीचा असल्याचे सांगून अस्सलपणाविषयीच शंका घेतली. म्हणजे दुसऱ्या कसोटीतही तो नापास. तरीही हा आकडा आला, कारण त्या रिसीव्हरवर कोणाचा हात होता याची किंमत बाजाराने मोजली. इथे संग्राहकांचे शास्त्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते. एरवी ज्या वस्तूवरचा वापराचा प्रत्येक ओरखडा किंमत कमी करतो, त्याच वस्तूवर एका विशिष्ट माणसाच्या वापराचा नुसता दावा किंमत शेकडो पटींनी वाढवतो. वापराला मोल आहे हे बाजारालाही कळते. फक्त वापरणारा हात प्रसिद्ध असावा लागतो, मग तो कितीही रक्ताने माखलेला असो.

जे हात प्रसिद्ध नव्हते त्यांच्या फोनांचे काय, हा आमचा खरा प्रश्न आहे. भारतात टेलिफोन केंद्रे उघडली २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळुरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला, आणि पुढची चार दशके आपल्या पोस्टात, कचेरीत, जिनिंग कारखान्यात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात जो काळा फोन दिसे तो बहुधा तिथला. पुढे हिरवे, लाल, मळकट पांढरे फोनही आले. मोठ्या शहरांत केंद्रे स्वयंचलित झाली होती. लखनौ-कानपूर दरम्यान थेट डायल करून दुसऱ्या गावी बोलण्याची सोय १९६० मध्येच झाली. पण तालुक्याच्या गावांतून हाताने चालवायची केंद्रे त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. खेड्यांना परवडेल असे देशी स्वयंचलित केंद्र ‘सी-डॉट’ने १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला उभारले, आणि तिथून पुढे हा बदल हळूहळू पसरला.

हाताने चालवायच्या केंद्राच्या गावात फोनला डायल लागत नसे. रिसीव्हर उचलायचा किंवा हँडल फिरवायचे, ऑपरेटरने ‘नंबर’ म्हटले की दोन आकडी नंबर सांगायचा. बहुधा नंबर नसून नावच सांगितले जाई. म्हणून अशा फोनवर डायलच्या जागी एक कोरी गोल पाटी बसवलेली असे. आता लिलावाच्या सूचीत हा फोन कसा येतो पाहा: ‘डायल नाही, अपूर्ण.’ बोली खाली. म्हणून विकणारा काय करतो, तर दुसऱ्या फोनचा डायल काढून यावर बसवतो, आणि फोन ‘पूर्ण’ होतो. आमच्या मते तो त्याच क्षणी नष्ट होतो. कोरी पाटी ही उणीव नव्हती. या गावात दोन माणसांच्या बोलण्यात तिसरे माणूस असे, ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ यांतले अंतर पैशांत मोजावे लागे, आणि घरातल्या मृत्यूची बातमी आप्तांच्या आधी ऑपरेटरला कळे, या सगळ्याचा तो पुरावा होता. डायल बसवणाऱ्याने एका गावाचा टेलिफोन काढून घेतला आणि त्या जागी लंडनचा ठेवला.

दुसरे उदाहरण कुलपाचे. आपल्याकडे डायलच्या भोकात बसणारे चिमुकले कुलूप मिळे. दुकानदार दुकान वाढवताना, कचेरीतला मोठा कारकून मधल्या सुटीला जाताना, आणि कित्येक घरांत वडील बाहेर पडताना ते लावत. येणारा फोन घेता येई, जाणारा करता येत नसे. त्या कुलपाने डायलच्या एका भोकाभोवती वर्तुळाकार चरा पडत जातो. वर्णन लिहिणारे त्याला ‘डायलवर किरकोळ दोष’ म्हणतात, आणि दोषाची वजावट आकड्यात करतात. त्या चऱ्यात कुटुंबातला अधिकार, बिलाची धास्ती, कारकुनावरचा अविश्वास, सुनेला माहेरी बोलण्याची मुभा किती, एवढे सगळे कोरलेले आहे. ग्रामीण जीवनावरची एखादी कादंबरी वाचून जे हाती लागते त्याचा बराचसा भाग इथे एका भोकाभोवती सापडतो. (काही मुले रिसीव्हरचे बटण ठरावीक लयीत टकटकवून कुलूप असतानाही नंबर लावत. त्याची मात्र खूण उरत नाही.)

डायलच्या मधोमध नंबर लिहिण्याची जी गोल चकती असते तिचेही तेच. कोरी, नवी चकती घातली की फोन देखणा होतो. मूळ चकतीवर कोणीतरी शाईने घातलेला नंबर, त्यावर फिरवलेली रेघ आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेला नवा नंबर, हा त्या गावातल्या दूरध्वनी केंद्राचा इतिहास असतो: दोन आकडी, मग तीन आकडी, मग पाच, मग सहा.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही सगळी चर्चा ओळखीची वाटायला हवी. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून ‘मूळ पाठ कोणता आणि साचलेली भर कोणती’ हा आपला जुना प्रश्न आहे. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी ज्ञानेश्वरी छापली तेव्हा तो पुन्हा पेटला, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याला काटेकोर पद्धतीचे रूप आले. पण पाठचिकित्सक भर काढून टाकतो तेव्हा ती तळटीपेत ठेवतो. तिला फेकून देत नाही. टेलिफोनचा बाजार मात्र तळटीप ठेवत नाही. शिवाय, तिन्ही साले जुळलेला ‘शुद्ध’ फोन ही मुळात एक कल्पनाच आहे. आपल्याकडे दीर्घकाळ फोनचे यंत्र खात्याच्या मालकीचे असे, ग्राहक भाडे भरी. फोन बिघडला की परत जाई, त्याचा रिसीव्हर दुसऱ्याला लागे, दुसऱ्याचा डायल त्याला येई, आणि तो तिसऱ्याच घरी जाऊन बसे. दुरुस्ती होत होत मिश्र झालेला फोन हाच इतिहासाला धरून असलेला फोन आहे. सगळे सुटे भाग एका सालचे असलेला फोन बहुधा कोणी फारसा न वापरलेला फोन असतो. पाने न फाडलेल्या पहिल्या आवृत्तीला जास्त भाव येतो, तसेच हे. ग्रंथालयाची, समासात तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी टिपणे केलेली प्रत रद्दीत जाते. आणि त्या पुस्तकाचे काय झाले, ते कोणी कसे वाचले, हे फक्त तीच प्रत सांगू शकली असती.

यावर कोणी म्हणेल, की बाजारानेच निदान काही फोन वाचवले. भाव नसता तर सगळेच गेले असते. हे अर्धे खरे आहे. भाव आल्यामुळे रंगीत फोन माळ्यावरून खाली आले. पण त्याच भावामुळे काळ्या फोनचे सुटे भाग काढून रंगीत फोन ‘पूर्ण’ करण्याचा धंदाही सुरू झाला. एक हिरवा वाचवायला तीन काळे मोडावे लागतात, अशी ही अर्थव्यवस्था आहे. आणि कायदाही इथे कामाचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वस्तूला साधारणपणे शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. बंगळुरूच्या कारखान्यातून पहिल्या काळात निघालेला फोन २०४८ पूर्वी पुरावस्तू ठरत नाही. तोवर तो भंगारच. भंगारवाल्याला विचारले तर तो म्हणतो, “सर, याच्यात तांबंई जास्त निंगत नाई, नुसतंच वजन हाय.” बेकेलाइट पुन्हा वितळतही नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या भावानेही ते कोणी घेत नाही.

भावाविना जमवणे शक्य असते याचे उदाहरण आपल्या भाषेत आहे, आणि ते एका कवीचे आहे ही गोष्ट आम्हांला योगायोगाची वाटत नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कुलपे, स्वयंपाकघरातली भांडी जमवायला सुरुवात केली तेव्हा या वस्तूंना लिलावात स्थान नव्हते. त्या मोडीत जात होत्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि १९७५ मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. पुण्यातल्या त्या संग्रहालयात अडकित्त्यांपुढे उभे राहिले, की ‘याची किंमत किती येईल’ हा प्रश्न मनात येत नाही. ‘हा कोणत्या हातात बसत असेल’ हा येतो. केळकरांनी घरातल्या बाईच्या आणि कारागिराच्या हाताची वस्तू निवडली. भालचंद्र नेमाडे यांनी २०१० मध्ये आपल्या ‘हिंदू’ या कादंबरीला ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असे उपशीर्षक दिले तेव्हा पुष्कळ चर्चा ‘हिंदू’ या शब्दावरच झाली. आम्हांला तेव्हाही वाटत होते की, त्यातला ‘अडगळ’ हा शब्द अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. अडगळीला बाजारात भाव येतो तो तिच्यातली समृद्धी पुसून, झिलई करून.

आम्ही हा खेळ सोडणार आहोत का? नाही. हिरवा फोन दिसला की आमचाही आकडा तयार असतो, आणि तो बराच जवळ जातो हे सांगायला आम्हांला संकोच वाटत नाही. मात्र त्याच डोळ्यांना आता दुसरे काम लावायला हवे, आणि त्यासाठी लिलावगृहाची गरज नाही. मराठीच्या विभागांतून दरवर्षी प्रकल्प म्हणून कोणत्या तरी कथासंग्रहातल्या ‘प्रतिमासृष्टी’चा अभ्यास होतो. त्याऐवजी एका तुकडीने आपल्या गावातला एकेक जुना फोन घ्यावा आणि त्याचे वर्णन लिहावे, लिलावाच्या सूचीइतक्याच काटेकोर भाषेत, पण उलट्या बाजूने. डायल आहे की कोरी पाटी? कुलपाचा चरा कोणत्या भोकाभोवती? चकतीवर कोणते नंबर, कोणत्या अक्षरात? तो कोणाच्या नावावर होता आणि शेजारची किती घरे त्यावर ‘बोलावणे’ घेत? कोणाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती? वायर कुठे तोडलेली आहे, आणि कोणत्या साली? ऑपरेटर म्हणून काम केलेली माणसे आता सत्तरीपुढची आहेत. त्यांच्याकडे जाऊन विचारण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते आधी विचारायला हवे.

फोन उचलून घरी आणण्यापूर्वी तो जिथे होता त्या जागेचे एक छायाचित्रही घ्यावे. भिंतीवरची लाकडी फळी, तिच्याखालचा काळवंडलेला चौकोन, आणि त्या चौकोनाभोवती चुन्यावर पेन्सिलीने लिहिलेले नंबर: दवाखाना, जिनिंग, पोलीस ठाणे, मामा. घर रंगवायला काढले की पहिल्या दिवशी जातात ते हेच.